कोठावळे

मे महिन्यात हाफ स्वेटर घालून फिरणारा एक तरी माणूस प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात असतोच. आमच्या खानदेशात त्या दिवसांत पारा ४४ ला टेकलेला असतो. शिपाई मामा ओला पंचा डोक्यावर टाकून घंटा देतात, आणि हे गृहस्थ मरून रंगाचा घरी विणलेला हाफ स्वेटर घालून, खिशात टेस्टर खोचून, कॉरिडॉरमधून निवांत येताना दिसतात. नवीन रुजू झालेल्या माणसाला वाटतं, यांना ताप आलाय. ताप नाही, ते सर्व्हर रूममधून आलेत. तिथला एसी १८ च्या वर न्यायचा नाही, असा नियम त्यांनीच केलाय. तो नियम भोगणारे एकटे तेच.

पद प्रयोगशाळा सहायकाचं. मस्टरवरचं नाव वेगळं आहे, पण मुलं त्यांना कोठावळे म्हणतात. गडावरच्या धान्याच्या कोठीची जबाबदारी ज्याच्याकडे असे, तो कोठावळे. कुठल्याशा बॅचने हे नाव ठेवलं, ती बॅच बंगळुरूला निघून गेली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता एचओडी मॅडमसुद्धा मीटिंगमध्ये ‘कोठावळे सर’ म्हणून जातात आणि तेही निमूट ओ देतात.

त्यांच्या कोठीत दाणा एकही नाही. डेबियन नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं अख्खं सॉफ्टवेअर भांडार त्यांनी आमच्या कॉलेजात उतरवून घेतलंय. मिरर म्हणतात त्याला. इयान मर्डॉक नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९३ मध्ये डेबियनचा घाट घातला. मैत्रीण डेब्रा, आपण इयान, दोघांची नावं जोडून डेबियन. हे सांगताना कोठावळे दर वेळी थोडे लाजतात, ते का, ते मला आजवर कळलेलं नाही. आज जगभरातले स्वयंसेवक ही सिस्टिम फुकट बांधतात आणि फुकट वाटतात. २०२३ च्या जूनमध्ये ‘बुकवर्म’ ही आवृत्ती आली तेव्हा त्यात ६४,४१९ पॅकेजेस होती; २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘ट्रिक्सी’त ६९,८३०. हे आकडे कोठावळ्यांना तोंडपाठ आहेत. बायकोचा मोबाईल नंबर विचारा, फोन काढून बघावा लागतो.

पण हे सगळं इंटरनेटवर पडलेलंच आहे, मग कॉलेजात आणून ठेवायचं कशाला? हा प्रश्न त्यांना विचारू नये. विचारलाच, तर खडू शोधू लागतात. हिशेब मात्र बिनतोड आहे. लॅबमध्ये ६० मशीन्स. प्रत्येकीला अपडेट मारायचे तर धरा ३०० एमबी. म्हणजे १८ जीबी. कॉलेजची लाइन ऑफिसात, लायब्ररीत आणि होस्टेलच्या रील्समध्ये वाटून झाली की लॅबच्या वाट्याला येतात दहा एमबीपीएस. १८ जीबीला लागतात चार तास. प्रॅक्टिकल दोन तासांचं. त्यात पहिला अर्धा तास मुलं यायला आणि शेवटचा अर्धा तास जर्नलवर सह्या घ्यायला. हाच माल कॉलेजातल्या सर्व्हरवर असला, तर मधे फक्त एक गिगाबिटची लॅन. तोच १८ जीबी कागदावर अडीच मिनिटांत आणि प्रत्यक्षात चहा येईपर्यंत वाटून होतो. मुलांनी करायचं एवढंच, की सोर्सेस लिस्ट नावाच्या फाइलमधली एक ओळ खोडून तिथे कोठावळ्यांच्या सर्व्हरचा आयपी टाकायचा. तो आयपी लॅबच्या फळ्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यात चौकट करून लिहिलेला असतो, आणि फळा पुसणाऱ्या मुलाला ‘तेवढं सोडून’ ही ताकीद पहिल्या सेमिस्टरपासून मिळालेली असते.

हा छंद आजचा नाही. नेट दुर्मीळ होतं तेव्हा कोठावळे मासिकांसोबत येणाऱ्या लिनक्सच्या सीडी जमवत. २००५ पासून उबुंटूवाले मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवत. परदेशातून पाकीट आलं की पोस्टमन कॉलेजात आधी प्राचार्यांना दाखवी, मग यांना देई. त्याच वर्षी डेबियनची ‘सार्ज’ आवृत्ती निघाली, ती डझनभराहून जास्त सीडींवर मावणारी. एखादं पॅकेज टाकायला घेतलं की मशीन कधी चौथी सीडी मागे, कधी नववी, आणि पुन्हा पहिली. कोठावळे शेजारी स्टुलावर बसून सीडी बदलत. २०११ साली उबुंटूची ती फुकट पाकिटं बंद झाली, तेव्हा त्यांनी कपाटातल्या सीडी मोजल्या, दोन-दोन प्रती असलेल्या वेगळ्या काढल्या आणि कपाटाला नवीन कुलूप लावलं.

आता सीडीचं कपाट जाऊन हार्ड डिस्क आली, एवढाच फरक. त्यांच्या घरच्यांनी एकदा हा विषय फार थोडक्यात संपवला होता. वहिनी दर एप्रिलात वर्षाचा गहू भरतात. वाळवणं, निवडणं, कडुनिंबाचा पाला, सगळं साग्रसंगीत. कोठावळे म्हणाले, ‘मी तरी दुसरं काय करतो? बेगमीच ना?’ वहिनी पाटावरून न उठता म्हणाल्या, ‘आम्ही गहू खातो. तुम्ही त्यातलं काय खाता?’

हे खरं आहे. स्वतः कोठावळे वापरतात टर्मिनल, विम नावाचा एडिटर आणि दुपारी जेवणानंतर सॉलिटेअर. पण त्यांच्या डिस्कवर आरमार चालवायचे खेळ आहेत, ताऱ्यांचे नकाशे आहेत, डीएनए जुळवायची साधनं आहेत. एसएल नावाचं एक पॅकेज आहे. एलएस ही कमांड टाइप करताना अक्षरं उलटी पडली की पडद्यावरून वाफेचं इंजिन धडधडत जातं, बाकी उपयोग शून्य. तेही आहे. मराठीचंही आहे: शब्द तपासायचा कोश, ओळीच्या शेवटी मराठी शब्द कुठे तोडावा याचे नियम, लोहित फॉन्ट. हे सांगायला ते मोठ्या उमेदीने जवळच्या सीनिअर कॉलेजच्या मराठी विभागात गेले होते. तिथल्या सरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘यात कृतीदेव आहे का?’

आणि एवढ्यावर भागत असतं तर ठीक. आमच्या सगळ्या मशीन्स साध्या पीसी. डेबियन मात्र निरनिराळ्या जातीच्या प्रोसेसरांसाठी वेगवेगळा माल बांधतं. मिरर करताना आपल्याला हवी ती जात निवडता येते. तीन-चार शब्द लिहायचे, काम झालं. कोठावळ्यांनी एस-थ्री-नाइन्टी-एक्ससुद्धा घेतलंय. हे आयबीएमच्या मेनफ्रेमचं. एका आगाऊ मुलाने विचारलंच.

‘सर, आपल्याकडे मेनफ्रेम आहे?’

‘नाही.’

‘जिल्ह्यात कुणाकडे आहे?’

‘नसावा.’

‘मग?’

‘उद्या आला तर?’ कोठावळे म्हणाले. ‘धावपळ नको.’

सिंक, म्हणजे मूळ भांडाराशी मिरर जुळवून घेणं, रात्री चालतं. दिवसा चालवलं तर ऑफिसचं नेट मंदावतं आणि ऑफिसचं नेट मंदावलं की शिपाई मामा येऊन दारात उभे राहतात, बोलत काहीच नाहीत. ट्रिक्सीला जागा लागते ४०३ जीबी, असं डेबियनवाल्यांनीच जाहीर केलंय. दहा एमबीपीएसने रोज रात्री दहा तास ओढलं तर नऊ रात्री. हे काम आरसिंक नावाचं साधन करतं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी १९९६ मध्ये ते लिहिलं. त्याची खुबी अशी, की आपल्याकडे जे आहे ते पुन्हा आणत नाही, फक्त फरक आणतं. पहिल्या नऊ रात्री काय त्या जागरणाच्या. पुढे रोजचा फरक तासा-दोन तासांत येतो. वेळ झाली की क्रॉन नावाचा प्रोग्राम ते आपोआप चालू करतो, माणसाने थांबायची काही गरज नाही. तरी कोठावळे थांबतात.

‘क्रॉन आहे ना सर?’

‘क्रॉन आहे. पण वीज?’

एकदा मी त्यांच्यासोबत बसलो होतो. काळ्या पडद्यावर फाइलींची नावं भराभर वर सरकत होती आणि हे त्या नावांकडे असे बघत होते, की जणू पाहुणे आलेत आणि प्रत्येकाला ओळखायचंय. कमांड लिहिताना ते एकदाच गंभीर होतात, शेवटच्या तिरक्या रेघेपाशी. आरसिंकमध्ये फोल्डरच्या नावामागे ती रेघ दिली तर आतला माल येतो, नाही दिली तर फोल्डरसकट येतो आणि एकात एक डबा होऊन बसतो. त्यात ‘डिलीट’चा पर्याय चालू असला, म्हणजे वर नाही ते खालीही पुसायचं, तर चुकीच्या रेघेने नऊ रात्री एका मिनिटात धुऊन निघतात. म्हणून एंटर दाबण्याआधी कोठावळे चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा घालतात, ती रेघ बघतात, मग दाबतात.

‘आणि एक लक्षात ठेवा,’ ते त्या रात्री म्हणाले, ‘आधी माल, मग यादी.’ भांडारात दोन भाग असतात: पूलमध्ये पॅकेजेस, डिस्ट्समध्ये याद्या. आधी यादी बदलली आणि माल वाटेतच असला, तर पोरगा यादी बघून मागणार आणि त्याला ४०४ मिळणार. म्हणून पहिल्या फेरीत फक्त पॅकेजेस आणायची, ती सगळी पोचली की दुसऱ्या फेरीत याद्या, आणि जुना माल काढायचा तो सगळ्यांत शेवटी. मला वाटलं, सरकारी योजनांना हे कुणीतरी सांगायला हवं. मी बोललो नाही, कारण ते सुरक्षेच्या दुरुस्त्यांवर आले होते. त्या मात्र ते साठवत नाहीत. त्या थेट मूळ सर्व्हरवरून घ्याव्यात, एक रात्रसुद्धा शिळ्या होऊ नयेत, असा डेबियनचा सल्ला आहे. तो ते पाळतात, पण सांगताना आवाज पडतो. डिस्कवर जागा होती हो तेवढी, असा.

त्यांचा चेहरा खरा खुलतो तो सह्यांच्या विषयावर. प्रत्येक पॅकेजचा ठसा यादीत असतो, याद्यांचे ठसे रिलीज नावाच्या फाइलीत, आणि त्या फाइलीवर डेबियनची डिजिटल सही. मुलाचं मशीन ती सही स्वतः तपासतं.

‘मी मधल्या मध्ये एक बाइट जरी बदलला ना, तर मशीन घेणारच नाही. हॅश सम मिसमॅच म्हणून तोंडावर फेकेल.’

‘म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही?’

‘शून्य!’ कोठावळे आनंदाने म्हणाले. ‘काही गरजच नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी सोय कुठं पाहिली नाही.’

ज्या माणसाला मार्करच्या रिफिलसाठी तीन सह्यांची मागणी-चिठ्ठी लागते, त्याचा आनंद समजू शकतो. गंमत म्हणजे ते स्वतः याच शिस्तीचे. फूटभर लॅन केबल मागा, ‘रिक्विझिशन आणलंय का?’ म्हणतील. पण शेजारच्या पॉलिटेक्निकची पोरं डिस्क घेऊन आली, की सगळं भांडार ओतून देतात. ‘न्या न्या, कमी होत नाही. पुढे दुसऱ्यालाही द्या.’ लायसन्समध्ये तसं लिहिलेलंच आहे, पण लायसन्स वाचून त्याप्रमाणे वागणारा माणूस मी हा एकच पाहिला.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून एम.टेक. करून एक तरुण प्राध्यापक आला. हुशार मुलगा. त्याने पाहिलं आणि म्हणाला, ‘सर, एवढा मिरर कशाला? ॲप्ट-कॅशर-एनजी टाकू. दहा मिनिटांचं काम.’ हे साधन मधे बसतं. पहिल्या मुलाने एखादं पॅकेज मागितलं की ते बाहेरून आणून ठेवून घेतं आणि उरलेल्या एकोणसाठांना आपल्याकडचं देतं. कुणी मागितलंच नाही, ते आणतच नाही.

‘म्हणजे मागेल तेव्हा आणायचं?’ कोठावळे म्हणाले.

‘हो.’

‘आणि त्या दिवशी लाइन बंद असली तर?’

‘मग थांबायचं थोडं.’

‘थांबायचं,’ कोठावळे म्हणाले, आणि स्वेटरचं खालचं बटण लावलं.

माझं मत विचाराल तर त्या पोराचंच बरोबर आहे. सत्तर हजारांतली आमच्या मुलांना लागतात फार तर दोन-तीन हजार. बाकीची नुसती पडून असतात, रोज रात्री ताजी केली जातात आणि पुन्हा पडून राहतात. छोट्या लॅबला ॲप्ट-कॅशर पुरतं. मेनफ्रेमच्या मालाचं तर समर्थनच होऊ शकत नाही.

पण एक्स्टर्नलच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी जे झालं ते मी तिथे होतो म्हणून सांगतो. रस्तारुंदीच्या कामात जेसीबीने सकाळी फायबर तोडली. कॉलेजचं नेट ठप्प. आणि आदल्याच दिवशी लॅबमधली सहा मशीन्स फॉरमॅट मारलेली. कंपायलरचं प्रॅक्टिकल, फ्लेक्स आणि बायसन त्या सहांवर नव्हती. मुलांनी एक कमांड मारली, दोन्ही पॅकेजेस काही सेकंदांत आली, प्रोग्राम चालले, ओरल सुरू झाली. कोठावळे दोन्ही हात मागे बांधून रांगांमधून फिरत होते. दर फेरीला एक्स्टर्नलच्या टेबलापाशी जरा रेंगाळत. कुणीतरी विचारेल, नेट नाही तर हे चाललंय कसं? कुणीच विचारलं नाही. चालत असलेल्या गोष्टीबद्दल कोण विचारतं? शेवटी चहाच्या वेळी एक्स्टर्नल साहेबांनी घरी फोटो पाठवायला फोन काढला.

‘वायफाय बंद आहे का तुमचं?’

‘सकाळपासून,’ कोठावळे एक पाऊल पुढे आले.

‘अरेरे,’ साहेब म्हणाले. ‘कठीण आहे. अशाने परीक्षा कशा घेता हो तुम्ही?’

‘घेतो कशातरी,’ कोठावळे म्हणाले आणि बिस्किटाची बशी पुढे केली.

त्यांचा मोठेपणा सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते स्वतःच सांगतील आणि वेगळी सांगतील. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या पात्रांची नावं असतात. बुकवर्म, ट्रिक्सी ही त्यातलीच. कायम बदलत्या, अस्थिर शाखेचं नाव सिड. सिनेमातला शेजारचा, खेळणी मोडणारा पोरगा. लॅबला सिडची काडीची गरज नाही, पण भांडारात आहे म्हणजे कोठावळ्यांकडे हवं. तर २०२४ च्या जानेवारीत डिस्क भरली आणि सिडचं सिंक अडकलं. पुढे २९ मार्चला जगभर बोंब झाली. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने खणून काढलं, तर फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझी नावाच्या साध्याशा साधनात कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो पोचला नव्हता, सिडमध्ये पोचला होता. कोठावळ्यांनी स्टाफरूममध्ये येऊन जाहीर केलं, ‘आपल्याकडे शिरकाव नाही.’

‘मिरर बंद पडला होता म्हणून,’ तरुण प्राध्यापक म्हणाला.

‘बंद नव्हता,’ कोठावळे म्हणाले. ‘थांबला होता.’

त्या भरलेल्या डिस्कची गोष्ट अजून चालू आहे. चार टेराबाइटची नवी डिस्क हवी, असा प्रस्ताव त्यांनी दिला. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, एचओडींची शिफारस, सगळं जोडून. पहिला आक्षेप आला, की डिस्क डेड स्टॉकमध्ये धरायची की कन्झ्युमेबलमध्ये. ‘भरते म्हणजे संपते, म्हणजे कन्झ्युमेबल,’ असं स्टोअरचं म्हणणं. दुसरा आक्षेप ऑडिटरचा: आत साठवलेल्या मालाची किंमत काय? कोठावळ्यांनी खरं उत्तर लिहिलं, ‘निरंक’. त्यावर लाल शाईत शेरा: ‘निःशुल्क उपलब्ध वस्तूंचा साठा करण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे.’ त्यांनी ते १८ जीबीचं गणित दोन पानांत लिहून दिलं. ते मान्य झालं असावं, कारण फाइल पुढे सरकली आणि अकाउंट सेक्शनला पोचली. त्यांनी प्रस्तावातला जागेचा तपशील वाचला. ट्रिक्सीसाठी अमुक, बुकवर्मसाठी तमुक, सिडसाठी इतके जीबी. फाइल परत आली. समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘सिड कोण? विद्यार्थी असल्यास रोल नंबर नमूद करावा.’

फाइल सध्या तिथेच आहे. कोठावळ्यांनी मेनफ्रेमचा माल काढून थोडी जागा केली. फार जिवावर आलं त्यांच्या, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मिरर मात्र चालू आहे, मुलांचे अपडेट चहा येईपर्यंत होतात, आणि ते कुठून होतात हे या वर्षीच्या बॅचलाही माहीत नाही.

तुमच्याही कॉलेजात, ऑफिसात असा कोणी कोठावळे असणार. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून फिरेल, त्यावरून ओळखा. त्याचा डिस्कचा प्रस्ताव तुमच्या टेबलावर पडला असेल तर आज सही करून टाका. तीन कोटेशनं जोडलेली असतील. सिडचा रोल नंबर मागू नका.